सामू, तू वधस्तंभ रस्त्यावर टाकून गेलास

सामू, तुला जाऊन एकोणीस दिवस झाले आणि पाळकसाहेबांनी मला तुझ्यावर चार शब्द लिहून द्यायला सांगितलंय. मंडळीच्या पत्रिकेत छापायचे आहेत. सुरुवातही त्यांनीच करून दिली आहे, ‘नम्र, सेवाभावी आणि प्रार्थनाशील बंधू शमुवेल...’ कागद घेऊन बसले आणि ‘प्रार्थनाशील’ या शब्दावरच अडले. तू प्रार्थनाशील? लांब प्रार्थना सुरू झाली की तुझी मान छातीवर यायची. शेजारून तुझ्या बायकोने, मार्थाने, कोपर मारलं की दचकून, भर प्रार्थनेत, तू मोठ्यांदा ‘आमेन’ म्हणायचास. एकदा तर त्या आमेनमुळे पाहुण्या पाळकांनी प्रार्थना तिथेच आटोपली आणि निम्मी मंडळी मनातून तुझ्यावर खूश झाली.

तेव्हा ती सुरुवात मी खोडली. तुझ्याशी माझं भांडण अर्धवट राहिलंय, ते आधी लिहिते. छापायचं की नाही ते पाळकसाहेबांनी ठरवावं.

तू वीज खात्यात लाइनमन, मी हायस्कुलात मराठीची बाई. तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी बहीण. सगळी गोंडपिपरी मला एस्तेरबाई म्हणायची म्हणून तूही बाईच म्हणायला लागलास. आणि बावीस वर्षं उत्तम शुक्रवारचं दुःखसहनाचं नाटक मी बसवत आले. लिहिलेलं माझं, कपडे मी शिवून घेतलेले, सैनिकांचे भाले मी रंगवून घेतलेले. दुपारी बारा ते तीन प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना, आणि चार वाजता चर्चच्या फाटकापासून निघून बाजाराच्या रस्त्याने शाळेमागच्या मैदानापर्यंत नाटक. त्यातली अकरा वर्षं तू ख्रिस्त होतास.

तुला का घेतलं होतं, ठाऊक आहे? उंच, काटकुळा, आणि पंधरा दिवसांत दाढी यायची म्हणून. बाकी एक गुण नव्हता. तुझे संवाद पाठ होते ते मला. सुभेदार पिलात विचारतो, तू राजा आहेस काय? तिथे तू मान वर करून, गंभीर आवाजात बोलायचं. पहिल्याच वर्षी सगळ्या लोकांसमोर तू पिलाताला म्हणालास, “हो साहेब.” जन्मभर इंजिनिअरपुढे उभं राहायची सवय! पिलात हसला, सैनिक हसले, मी माइकच्या मागे कपाळ बडवून घेतलं.

तालमीत तुझा फोन वाजायचा. “बाई, तार तुटली. अख्खं गाव अंधारात हाये. मी येतो पाह्य.” की निघालास. पिलात हात धुवायचं घंगाळ घेऊन बसलेला आणि आरोपी खांबावर चढलेला! आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा. एका वर्षी वधस्तंभ घेऊन तू माझ्यासमोरून गेलास तेव्हा तुझा डावा गाल फुगलेला होता. देवाच्या पुत्राच्या गालात खर्रा! मी नंतर बोलले तर म्हणालास, “थुंकलो कुठी बाई, गिळला ना.”

पण खरं तेही लिहायला हवं. मी प्लायवूडचा पोकळ वधस्तंभ करून घेणार होते. तू ऐकलं नाहीस. चर्चवर पत्र्याच्या टिना चढवल्या तेव्हा जुन्या छपराचे सागवानी फाटे निघाले होते, त्यातलेच दोन जोडून तू वधस्तंभ करून घेतलास. दोन माणसांना उचलत नव्हता. “हलका असला तं चालनं खोटं दिसते,” म्हणालास. अकरा वर्षं तुझ्या उजव्या खांद्याची कातडी सोलून निघाली आणि त्याबद्दल एकदाही तू तक्रार केली नाहीस. मी विचारलंही नाही.

तू ख्रिस्त होतास त्या शेवटच्या वर्षी चर्चच्या स्त्री समाजाने मला भाषणाला बोलावलं होतं. विषय होता, ‘ख्रिस्ती जीवनातील खरा आवेश’. मार्च महिना, तू माझ्या कुलरात नवं गवत भरत होतास आणि मी तुला भाषण म्हणून दाखवत होते. तू मधेच थांबवलंस.

“आवेश म्हंजे काय, बाई?”

मी सांगितलं. आग. तळमळ. देवासाठी पेटून उठणं. आणि शाळेतली सवय म्हणून वर हेही सांगितलं, की इंग्रजीत याला पॅशन म्हणतात आणि गंमत अशी, की प्रभूच्या दुःखसहनालाही तिकडे पॅशनच म्हणतात.

तुझ्या हातातलं गवत हातातच राहिलं. “दोन्हीले एकच शब्द?”

“हो.”

“मंग आपल्यातच काऊन येगळं केलं?” मग म्हणालास, “त्यायचं बरोबर हाये. ज्याच्यासाठी जीव तुटते, त्याच्यापायी दुखनं आलंच. नाई दुखलं तं मंग कायचा आवेश, बाई? नुसता आवाज.”

“तू कुलर भर,” मी म्हणाले. “मले शिकवू नको.”

भाषणात मी ते घेतलं नाही. बायका गोंधळतील म्हणून. चाळीस मिनिटं आगीवर बोलले. बायका रडल्या, माझा आवाज बसला, सगळ्यांनी हात हातात घेतले. घरी आले तेव्हा कुलर चालू होता आणि तू निघून गेला होतास.

त्यानंतर पंधरा दिवसांनी उत्तम शुक्रवार. चंद्रपूरहून दोन बसगाड्या भरून पाहुणी मंडळी आली होती. ऊन असं, की चार वाजताही डांबर चपलेला चिकटत होतं. मी टेम्पोत माइक घेऊन बसले होते. वधस्तंभ वाहताना ख्रिस्त तीनदा पडतो; पहिलं पडणं झालं, दुसरं झालं. तिसरं बाजारात होतं, तिथे यरुशलेमच्या बायका रडत उभ्या केल्या होत्या. आणि तू बसस्टँडच्या वळणावरच गुडघ्यावर बसलास.

मला वाटलं, विसरला. नेहमीप्रमाणे विसरला. मी चिडून म्हणाले, “सामू, इथी नाई पडायचं!” माइक चालू होता. चारी भोंग्यांतून ते गावभर गेलं.

तू ऐकलंस की नाही कोण जाणे. तू वधस्तंभ खांद्यावरून सोडलास. तो रस्त्यावर आदळल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आणि तू गर्दीच्या पायांमधून वाट काढत पानठेल्याकडे धावलास. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. कोणीतरी म्हणालंसुद्धा, “औंदा नवीन टाकलं वाटते.”

पानठेल्याच्या भिंतीशी एक म्हातारी पडली होती. शेजारी मोहाफुलांची टोपली कलंडलेली. जंगलाकडच्या कुठल्यातरी गावाहून मोहा विकायला आली असणार. तिला ऊन लागलं होतं. शेकडो माणसं तिथे उभी होती आणि सगळी तुझ्याकडे पाहत होती. खाली फक्त तू पाहत होतास, कारण ओझ्यानं तुझीच मान खाली गेली होती. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय, लिहिताना. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं, की माझा ख्रिस्त पळाला.

तू सैनिकाच्या कमरेची पाण्याची बाटली ओढून घेतलीस. जांभळा झगा ओला करून तिच्या अंगावर टाकलास. आणि त्या सैनिकावर ओरडलास, “भाला फेक अन् पाय धर!” आपला गायनवृंदातला शांत माणूस तो, त्याने खरंच भाला फेकला. तुम्ही दोघांनी तिला ऑटोत घातलं. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलास, डोक्यावर अजून काट्यांचा मुकुट, आणि ऑटो ग्रामीण रुग्णालयाकडे निघून गेला.

मागे काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. वधस्तंभ रस्त्यात आडवा पडला होता आणि मागून एसटी हॉर्न वाजवत होती. चौघांनी मिळून तो बाजूला ओढला. पिलात माझ्याकडे येऊन विचारतो, “बाई, आता कोणाले टांगायचं?” यरुशलेमच्या बायका बाजारात उन्हात रडायला तयार उभ्या. पाहुण्या पाळकांनी शेवटी एक प्रार्थना केली आणि सगळे चहाला गेले. दोन महिन्यांची तालीम. मी टेम्पोत तशीच बसून राहिले.

सहा वाजता मी दवाखान्यात आले. तुला जाब विचारायला आले होते, त्या बाईला पाहायला नाही. तू वॉर्डाबाहेर जमिनीवर बसला होतास. कपाळावर आपण लावलेला लाल रंग घामानं ओघळला होता. नर्सने ते रक्त समजून तुला पट्टी बांधायला घेतली होती म्हणे. म्हातारी अर्ध्या तासापूर्वी गेली होती. तिचं नाव कोणालाच माहीत नव्हतं आणि तिची माणसं सापडेपर्यंत तू हलणार नव्हतास.

आणि मी तुला म्हणाले, “नाटक गेलं, सामू. अन् ती बाई तं मेलीच. मंग काय मिळालं तुले?”

नर्स तिथेच उभी होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

तू रागावला नाहीस. “एकटी नाई मेली ना, बाई,” म्हणालास. आणि मग, “तुया चहा झाला का? जा, चहा घे.”

तिचं नाव बुधाबाई होतं. ते तू मला नंतर सांगितलंस. मी विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी तुझी भूमिका काढून घेतली. बँकेतल्या एका तरुणाला दिली. त्याचा आवाज चांगला, संवाद चोख, खर्रा नाही. तू भांडशील असं मला वाटलं होतं. भांडायला हवं होतंस! तू काय केलंस? खांद्यावर पाण्याची कॅन घेऊन मिरवणुकीच्या बाजूने चालत राहिलास, म्हाताऱ्या माणसांना पाणी पाजत. त्या तरुणाचा खांदा सोलला तर त्याला खोबरेल तेल नेऊन दिलंस. इतका राग आला मला. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते, तुझं काय करायचं?

कितीतरी वर्षं मी तुला पटवत राहिले, की नाटक म्हणजे ढोंग नव्हे. जे कधी चर्चची पायरी चढत नाहीत ते लोक उन्हात उभे राहून बघतात. कोणाच्या डोळ्यांत पाणी येतं. कोणी घरी जाऊन भावाशी बोलायला लागतो. हे काहीच नाही का, सामू? माझी बावीस वर्षं काहीच नाहीत का?

“कोन म्हन्ते काईच नाई?” तू म्हणायचास. “चांगलंच असते तुयं नाटक.”

संपलं. एवढंच. मी वादाला उभी आणि समोर कोणी नाही. हे भांडण मी एकटीच लढले आणि हरलेही एकटीच. मला आजही वाटतं, की माझी बाजू अगदीच चूक नव्हती. ते नाटक मी प्रेमानं केलं. फक्त त्यात माझी कातडी कधी सोलली नाही.

गेल्या वर्षी तुझ्या तोंडात फोड आला. “गाल चावला गेला,” म्हणून चार महिने लपवलास. खर्रा तेव्हाही चालूच होता, मार्थाला तुझ्या शर्टाच्या खिशात पुड्या सापडल्या. त्यावरून मी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चंद्रपूरला नेलं तेव्हा कॅन्सर निघाला, अर्धा जबडा काढावा लागला आणि तुझं बोलणं गेलं. मग ती वही आली. तुझं ते तिरपं, अशुद्ध अक्षर. मी आयुष्यभर लोकांची पोरं सुधारली, सख्ख्या भावाचे ऱ्हस्व-दीर्घ नाही सुधारता आले.

मी स्त्री समाजाच्या अठरा बायका वॉर्डात तुझ्या खाटेभोवती उभ्या केल्या, गीतं म्हणायला. मोठ्या आवेशानं म्हणत होतो आम्ही. तू वहीत लिहिलंस, ‘बाई यायले चहा पाज अन् घरी पाठव. बाजूच्याले झोप लागून राह्यली.’ अठरा बायकांनी ते वाचलं.

बाजूच्या खाटेवर कुरखेड्याकडचा एक माणूस होता, धानाची शेती करणारा. नाव माधव. त्याला औषधाच्या बाटल्या चढायच्या आणि मग दोन दिवस उलट्या व्हायच्या. सोबत बायको एकटीच.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी मार्थाला ताप होता. मी नाटकाची वही पाळकसाहेबांच्या हातात ठेवली आणि तुझ्याजवळ राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला पाहून तू लिहिलंस, ‘नाटक?’

“होते माझ्याबगर,” मी म्हणाले.

तू लिहिलंस, ‘खोटं.’ तुला ठाऊक होतं, माझा जीव तिकडेच होता.

पांढरी साडी नेसून, स्टार्च करून, मी बारा वाजता तुझ्या खाटेजवळ बसले. साती उद्गार वाचायचे, प्रत्येकावर थोडं बोलायचं, असं मी लिहून आणलं होतं. तीन झाले. चौथा सुरू केला, प्रभू एकटा पडतो तो, आणि माधवला उलटी आली. त्याची बायको रिपोर्ट आणायला खाली गेली होती. तू चमचा घेऊन खाटेच्या लोखंडावर बडवायला लागलास.

“नर्सले बोलावतो मी,” मी म्हणाले.

तू मान हलवलीस. त्याच्या खाटेखाली उलटीसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या टोपल्याकडे बोट दाखवलंस.

“सामू, मी तुयासाठी आली हावो! त्याच्यासाठी नाई!”

तू पुन्हा बोट दाखवलंस. तुझे डोळे तेवढे उरले होते बोलायला, आणि ते असे काही पाहत होते, की मी चौथा उद्गार खाटेवर टाकला आणि उठले.

मी कधी परक्या पुरुषाचं डोकं धरलं नव्हतं, सामू. त्याच्या डोक्यावर केस नव्हते आणि ते लहान मुलाच्या डोक्यासारखं ऊन ऊन लागत होतं. एका हाताने टोपलं, एका हाताने कपाळ. त्याने माझं मनगट असं आवळलं, की बांगडी आत रुतली. एकदा झालं की पुन्हा. वास असा, की मी तोंड फिरवून घेतलं. साडीचं काय झालं ते सांगत नाही. मी मनातल्या मनात तुझ्यावर चिडत होते, त्याच्या बायकोवर चिडत होते, नर्सवर चिडत होते, आणि हात सोडवत नव्हता. कारण तो रडत होता आणि मला ‘आई’ म्हणत होता, माझ्याच वयाचा माणूस.

त्याची बायको आली तेव्हा तीन वाजून गेले होते. माझे उरलेले उद्गार राहूनच गेले. मी हात धुऊन तुझ्याजवळ आले. तू वही पुढे केलीस.

‘दुखलं?’

“हो,” मी म्हणाले. “कंबर दुखली.”

तू हसलास. उरलेल्या अर्ध्या तोंडाने हसताना तुला किती कळ आली ते मी पाहिलं, तरी तू हसतच होतास. मग मलाही हसू आलं आणि आपण दोघं, भर उत्तम शुक्रवारी, डोळे पुसत बसलो.

बोलायची वेळ तीच होती. बुधाबाई गेली त्या संध्याकाळी दवाखान्यात मी जे बोलले होते, ते वाक्य मी तेव्हाच मागे घ्यायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण तुला उत्तर देता येत नव्हतं, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याची माफी मागणं मला फार सोपं वाटलं. तू बरा होऊन दोन शब्द बोलायला लागलास की मागेन, असं ठरवलं. बघ, म्हणजे तेव्हाही मी माझ्याच सोयीची वेळ बघत होते.

पुनरुत्थानाच्या रविवारनंतरच्या बुधवारी, सकाळी, मार्था तुझे पाय चोळत असताना तू गेलास.

तर ते वाक्य मी आता मागे घेते, सामू. छापून घेते. ‘काय मिळालं तुले’ असं मी विचारायला नको होतं. आणि बुधाबाईचं नाव मी विचारायला हवं होतं. पाळकसाहेबांनी बाकी काही गाळलं तरी चालेल, हे गाळू नये.

तुझ्या मातीनंतर आठवड्याने मी तुझे कागद आणायला चंद्रपूरला गेले. माधव त्याच खाटेवर होता. त्याच्या पोटात काही टिकत नव्हतं, कँटीनचं तिखट खाववत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तांदळाची पातळ पेज करून डब्यात घेऊन गेले. आता एक दिवसाआड जाते. प्रेम वगैरे दाटून येतं असं समजू नकोस. उठायचा कंटाळा येतो, बसमध्ये उभं राहावं लागतं, गुडघे धरतात. माधव चिडका आहे. मीठ कमी म्हणतो, मीठ जास्त म्हणतो, अर्धी पेज बाहेर काढतो. गीत म्हणू का विचारलं तर नको म्हणाला. मी त्याच्यावर चिडते आणि घरी आले की तुझ्यावर चिडते.

काल त्याने चमचा तोंडाजवळ आलेला असताना माझा हात थांबवला.

“बाई, तुमचा भाऊ तं गेला,” म्हणाला. “आता तुमी काऊन येता?”

त्याची बायकोही माझ्याकडे पाहत होती.

“तोंड उघडा,” मी म्हणाले. “पेज गार होऊन राह्यली.”